पुढचा एक, मागचे तीन

सुट्या भागांच्या त्या दुकानात काउंटरमागे उभा असणारा उंच, किंचित पोक काढलेला माणूस सगळ्यांना मास्तर म्हणूनच माहीत होता. शाळेशी त्याचा संबंध आला तो विद्यार्थी म्हणून, आणि तोही जेमतेम. पण मोटरसायकलची चेन बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो असं काही समजावून सांगायचा की कुणीतरी एकदा गमतीने त्याला मास्तर म्हणालं आणि ते नाव जन्माचं चिकटलं.

"नुसती चेन मागू नका," अशी त्याची सुरुवात व्हायची. "चेन, पुढचा स्प्रॉकेट आणि मागचा स्प्रॉकेट ही एका घरातली माणसं. एकत्र झिजतात. दोघांना जुनं ठेवून तिसऱ्याला नवं आणलंत, तर ते दोघं मिळून त्या नव्याला खातात." मग तो काचेवर दोन दातेरी चकत्या ठेवायचा, एक मुठीत मावेल एवढी आणि एक चांगल्या मोठ्या बशीएवढी. "ही छोटी इंजिनाकडे बसते, ही मोठी मागच्या चाकाला. मोठीचे दाते वाढवले की गाडीला ओढ येते, पण पळ कमी होतो आणि इंजिन ओरडतं. दाते कमी केले की गाडी शांत पळते, पण चढाला रडते. छोटीचं बरोबर उलटं. आणि एक लक्षात ठेवा, पुढचा एक दाता म्हणजे मागचे तीन. पुढच्याला हात लावायचा तर जपून."

हिशेब त्याचा कधी चुकायचा नाही. गिऱ्हाईक काय ओझं वाहतं, रस्ता कसा आहे, हे विचारून तो मनातल्या मनात भागाकार करायचा आणि दोन आकडे सांगायचा. शेजारच्या शेडमधला मिस्त्री, जो या चकत्या प्रत्यक्ष बसवायचा, तोसुद्धा म्हणायचा, "मास्तरने सांगितलंय ना? मग मला कशाला विचारता?"

एवढं कळणाऱ्या या माणसाला मोटरसायकल चालवता येत नव्हती.

एकोणीस वर्षांचा असताना त्याने मोठ्या भावाची गाडी एकदा हातात घेतली होती. घरी पाहुणे होते, सगळे अंगणात बसले होते, आणि भाऊ म्हणाला, "चल, आज तुला शिकवतो." क्लच सोडायचा तो हळूहळू, हे भावाने सांगितलं होतं. याने तो एकदम सोडला. गाडीने जी उडी घेतली ती कपड्यांच्या दोरीतून आरपार जाऊन शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकली. मास्तर उठून उभा राहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर मावशीची ओली चादर होती आणि अंगणातली झाडून सगळी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. वडील म्हणाले, "याला आपली सायकलच बरी." कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पुढे कित्येक महिने घरात कुणी चादर झटकली की कुणीतरी त्याच्याकडे बघून हसायचं. नंतर दोनदा-तीनदा त्याने कुणी नसताना गाडीवर बसून पाहिलं. पाय खाली टेकवलेले असतानाच हात थरथरायला लागायचे. त्याने तो नाद सोडला.

पुढे घरापासून दूर, या गावात आला आणि दुकानात नोकरी मागायला गेला तेव्हा मालकाने सहज विचारलं, "गाडी चालवतोस ना?"

"हो," तो म्हणाला.

झालं, त्या एका होकाराच्या मागे पुढची सगळी गाडी धावली. दुकानात रोज दहा माणसं येऊन आपापल्या गाडीचं रडगाणं गायची, आणि मास्तर ते कान देऊन ऐकायचा. वळणावर काय होतं, चिखलात काय होतं, मागे बायको बसली की काय होतं. एकाचं ऐकलेलं तो दुसऱ्याला सांगायचा, आणि सांगता सांगता त्यात 'माझी' हा शब्द कधी शिरला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "माझी होती ना, ती तिसऱ्यावर सरळ घाट चढायची." एकदा बोलून गेल्यावर ते मागे कसं घ्यायचं?

मग गाडी का नाही, याला कारण हवं झालं. तो म्हणाला, पाठ. डॉक्टरांनी दुचाकीला साफ मनाई केली आहे. त्या दुखऱ्या पाठीने त्याचा अख्खा संसार व्यापला. मालकाने त्याला जड खोकी उचलू देणं बंद केलं, तेव्हा दुसरी माणसं ती उचलायची आणि हा बाजूला उभा राहून मनात मरायचा. मेव्हण्याने कमरेचा पट्टा आणून दिला. सासूने मालिशचं तेल पाठवलं. सासरी गेला की त्याच्यासाठी गादी काढून टाकून फळीवर सतरंजी घातली जायची, आणि ठणठणीत पाठीचा हा माणूस रात्रभर त्या फळीवर कूस बदलत पडायचा. सकाळी खरंच पाठ दुखायची.

बायकोला लग्नानंतर वर्षभरात कळलं. तिनेच एकदा हट्ट धरला, भावाची गाडी दारात आहे, मला बाजारापर्यंत तरी न्या. तो खोलीत जाऊन बसला आणि तिला सगळं सांगितलं, चादरीसकट. ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारीण काही विचारू लागली तेव्हा ती म्हणाली, "यांची पाठ ना, फार नाजूक आहे." त्या दिवसापासून ते खोटं दोघांचं झालं. तिच्या तोंडून ते ऐकताना मास्तरला आपल्या बोलण्यापेक्षाही जास्त लाज वाटायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी दुकानात पाणीवाल्या बाई आल्या.

त्यांना हे नाव त्यांच्या कामावरून पडलं होतं. डोंगरावरच्या वस्त्यांमधल्या विहिरींचं आणि टाक्यांचं पाणी त्या बाटल्यांत भरून आणायच्या आणि खाली सपाटीवरच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायच्या. मोटरसायकलच्या मागे पत्र्याची एक मोठी पेटी बांधलेली असायची, आत बर्फ आणि काचेच्या बाटल्या. त्यांची चेन सैल पडून खडखडत होती. मिस्त्रीने बघून सांगितलं होतं की आता ताणायलाही जागा उरली नाही, नवीनच घाला, आणि काउंटरवर पाठवलं होतं.

"मास्तर, बदलायचीच आहे तर मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "खालच्या लांब रस्त्यावर माझी गाडी फार ओरडते हो. टॉपला टाकली तरी वाटतं अजून एक गिअर हवा होता. नमुने वेळेत पोचवायचे असतात, आणि त्या आवाजाने माझं डोकं उठतं."

"आत्ता काय आहे? कंपनीचे असतील, पुढे चौदा, मागे बेचाळीस." मास्तरने क्षणभर वर बघितलं. "चढाला कशी जाते?"

"चढाला काही त्रास नाही. जाताना बाटल्या रिकाम्याच असतात."

"मग सोपं आहे. पुढे पंधरा, मागे एकोणचाळीस. गाडी अशी शांत पळेल की चालू आहे की बंद ते कळणार नाही."

बाई निघण्यासाठी वळल्या आणि थांबल्या. "पण उतरताना? उतरताना पेटी भरलेली असते. मी दुसऱ्या गिअरवर सोडून देते, इंजिनच धरून ठेवतं गाडीला. ते तसंच राहील ना?"

हा प्रश्न मास्तरला आजवर कुणी विचारला नव्हता. लोक चढाचं विचारायचे, पेट्रोलचं विचारायचे. उतारावर इंजिन गाडीला धरतं म्हणजे नेमकं काय होतं, किती धरतं, ते कमी झालं तर माणसाला कसं वाटतं, याचं उत्तर त्याच्या भागाकारात होतंही कदाचित, पण त्याने ते कधी काढलं नव्हतं. बाजूला दोन गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्री दारात हात पुसत होता.

"उतारावर काय," मास्तर हसून म्हणाला, "उतारावर गाडी आपोआपच येते. मी स्वतः तो घाट याच दात्यांवर उतरलोय, कितीतरी वेळा. काही फरक पडत नाही."

"तुम्ही उतरलाय ना? मग झालं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीने दुपारपर्यंत नवी चेन आणि दोन्ही चकत्या बसवल्या. दोन दिवसांनी बाई मुद्दाम दुकानाशी थांबून सांगून गेल्या की सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालते. मास्तरची मान ताठ झाली.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री शेडमधून ओरडला, "मास्तर, बाहेर ये जरा."

टेम्पोतून बाईंची गाडी उतरवत होते. हँडल एका बाजूला वळलेलं, फूटरेस्ट तुटून लोंबकळत होता, आणि मागच्या पेटीचा एक कोपरा आत गेला होता. पेटी हलली की आत काचा वाजत होत्या.

"घाटातल्या दुसऱ्या वळणाला चरात गेल्या," मिस्त्रीने सांगितलं. "मनगट मोडलंय. डोक्याला काही नाही, नशीब."

"कशामुळे?"

"त्या म्हणतात, त्यांचीच चूक. दुसऱ्यावर गाडी धरेना, म्हणून पहिला टाकायला गेल्या आणि मध्येच न्यूट्रलला अडकली. मग काय, भरलेली पेटी मागे आणि गाडी मोकळी. ब्रेक मारेपर्यंत वळण आलं." मिस्त्री खाली वाकून चाक फिरवत होता. "होतं असं. पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल सापडलं की गाडी सुटतेच."

दुसऱ्यावर गाडी धरेना. मास्तरच्या कानात एवढंच राहिलं.

तो काउंटरमागे जाऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच तो भागाकार उलटा करून पाहिला. पुढचा एक वाढवला म्हणजे मागचे तीन कमी केल्यासारखं, आणि मागचेही तीन त्याने खरोखर कमी केले होते. म्हणजे एकाच वेळी दोनदा. बाईंचा दुसरा गिअर आता पूर्वीसारखा दुसरा उरलाच नव्हता. पण एवढ्याने गाडी सुटते का? की बाईंचा हात चुकला? रोज गाडी चालवणाऱ्या कुणालाही हे सांगता आलं असतं. आपल्या हातून केवढा गुन्हा झाला, हे मापण्याइतकंही आपल्याला कळत नाही, ही गोष्ट त्याला सगळ्यात जास्त लागली.

त्याने मिस्त्रीला आडून विचारून पाहिलं. "काय रे, दात्यांमुळे असं होतं का?"

"थोडंफार होणारच की. पण तू तर उतरलायस त्या दात्यांवर. तुला काय वाटलं होतं?"

"मला... फार काही वाटलं नव्हतं."

"मग झालं तर," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

सुट्टीच्या दिवशी मास्तर बाईंच्या घरी गेला. सांगून टाकायचं ठरवूनच गेला होता, वाटेत वाक्यंही जुळवली होती. दार बाईंच्या वडिलांनी उघडलं. पुढच्या खोलीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याला बघून त्या इतक्या खूश झाल्या की त्याची वाक्यं तिथेच विरघळली.

"बाबा, हेच ते मास्तर. त्या दिवशी किती छान समजावलं मला. गाडीतलं एवढं कळणारा माणूस नाही मिळायचा."

"बसा, बसा," वडील म्हणाले. "हिला मी सांगतो, अनुभवी माणसाचं ऐकावं. तुम्ही पूर्वी पुष्कळ चालवली असेल ना?"

"हो, म्हणजे... पूर्वी."

"आणि आता पाठीमुळे बंद," बाईंनी स्वतःच पुरवणी जोडली. वडिलांनी लगेच उठून त्याच्या खुर्चीवर मागे टेकायला उशी आणून ठेवली. बाईंनी डाव्या हाताने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला, तो सरकवताना थोडा सांडला, आणि त्यांनीच माफी मागितली. सध्या त्यांना कार्यालयात बसवलं होतं, फोन घ्यायच्या कामावर. डोंगरावर दुसऱ्या कुणाला पाठवायला माणूस नव्हता, म्हणून तिथलं पाणी तपासायचं राहिलं होतं. "तिथली मुलं तेच पाणी पीत असतील," त्या म्हणाल्या. "त्याचंच वाईट वाटतं. हात काय, जुळेल."

मास्तरने चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली, काळजी घ्या म्हणाला आणि निघाला. वडील त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. जाताना त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला, जपून, दुखू नये असा.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती धुतलेले कपडे घड्या करून कपाटात ठेवत होती. 

"उशी दिली हो मला," तो म्हणाला. "पाठीला."

"मलाही देतात," बायको म्हणाली. "बहिणीकडे गेले की पहिला प्रश्न, त्यांची पाठ कशी आहे? आई अजून तेल पाठवते. मी ते डब्यात ओतून ठेवते आणि म्हणते, फार गुण आला. तुम्हाला एकट्यालाच लाज वाटते असं समजू नका. पण आजवर आपण खोटं बोललो ते आपल्यापुरतं होतं. आपलं हसं झालं असतं, एवढंच. हिचा हात मोडलाय."

"सांगायला गेलो होतो गं. तोंडातून शब्दच फुटेना."

"मग परत जा," ती म्हणाली आणि कपाटाचं दार लावलं.

तो परत गेला नाही. रोज उद्यावर ढकलत राहिला. दुकानात चेन घ्यायला कुणी आलं की दोन चकत्या काचेवर ठेवायचा, पण भाषण करायचा नाही. "कंपनीची जी आहे तीच घ्या," एवढं म्हणायचा. मालकाने विचारलं, "बरं नाही का?" मास्तर म्हणाला, "पाठ." आणि ते म्हटल्यावर त्याला आपल्याच तोंडाची इतकी किळस आली की तो मागच्या गोदामात जाऊन खोक्यांच्या आड थोडा वेळ उभा राहिला.

शेवटी बाईच आल्या. प्लास्टर निघालं होतं, मनगट बारीक आणि पांढुरकं दिसत होतं. गाडी मिस्त्रीने दुरुस्त करून शेडपुढे उभी केली होती. दुकानात मालक होता, मिस्त्री होता, आणि ब्रेकच्या वायरी बघत असलेला एक दूधवाला होता.

"मास्तर, मी उद्यापासून परत वर जाणार," बाई म्हणाल्या. "पण खरं सांगू का, त्या उताराची धास्ती बसलीय. तुम्ही तो घाट याच दात्यांवर उतरायचात ना, मग मला नीट सांगा. कुठून पहिला टाकायचात? वळणाच्या आधी किती अंतरावर? तुम्ही जसं करायचात तसंच मी करीन."

मास्तरने काचेवर दोन्ही हात ठेवले. थाप मारणं अवघड नव्हतं. वरच्या मोरीपाशी टाकायचो, असं काहीतरी म्हणता आलं असतं. बाईंनी ते लक्षात ठेवलं असतं आणि उद्या भरलेली पेटी घेऊन त्या मोरीपाशी पहिला टाकला असता.

"मी तो घाट कधी उतरलो नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"या दात्यांवर नाही, कुठल्याच दात्यांवर नाही. मला गाडी येत नाही. कधीच येत नव्हती."

मिस्त्री मोठ्याने हसला. "काय मास्तर, सकाळी सकाळी!" मग त्याने मास्तरच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"मग पाठ?" दूधवाल्याने विचारलं.

"पाठीला काही झालेलं नाही."

 मालकाने उगाचच बिलबुक उघडून मिटलं. मास्तरचे कान तापून लाल झाले होते. त्याला वाटलं, आता बाई म्हणतील, जाऊ द्या, होतं असं. घरी त्या तशाच बोलल्या होत्या. मनातून तो त्याचीच वाट बघत होता.

बाई तसं म्हणाल्या नाहीत.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हलत होता. "इथेच उभी राहून विचारलं होतं, उतरताना काय होईल. तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला असतात तर मी दोन पावलं चालून मिस्त्रींना विचारलं असतं. ते तिथे दारात उभे होते. दोन शब्द, मास्तर. त्या दोन शब्दांनी तुमचं काय गेलं असतं? इतके दिवस मी स्वतःला दोष देत बसले, की आपल्याला साधा गिअर टाकता येत नाही. आणि माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेलात तुम्ही."

"हो," मास्तर म्हणाला. 

"जुने दाते घाला मला परत," बाई मिस्त्रीला म्हणाल्या आणि बाहेर जाऊन गाडीजवळ उभ्या राहिल्या.

मास्तरने चौदाचा आणि बेचाळीसचा असे दोन स्प्रॉकेट काढून दिले. मिस्त्रीने ते घेतले, पण गेला नाही. "इतकी वर्षं," तो हळूच म्हणाला, "मी लोकांना सांगत आलो, मास्तरला विचारा. मलाही खोटं पाडलंस की रे." आणि गेला.

चौदा-बेचाळीसचे दाते परत बसल्यावर बाईंनी एक अट घातली. गाडी आधी मिस्त्रीने पेटीएवढ्या वजनासकट घाटातून उतरवून दाखवायची, मगच त्या तिच्यावर बसणार. वजन काय घ्यायचं, वाळूची पोती की काय, यावर बोलणं चाललं होतं. मास्तर दुकानातून बाहेर आला.

"मी बसतो," तो म्हणाला.

मिस्त्रीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पेटीपेक्षा जरा जास्तच भरशील. पण चालेल. जास्त वजन पेललं तर पेटी सहज पेलेल."

अंगणातल्या त्या उडीनंतर चालत्या मोटरसायकलवर बसण्याची मास्तरची ती पहिलीच वेळ. चढताना त्याने सीटच्या कडेला धरलं होतं. माथ्यावर गाडी वळवून मिस्त्रीने दुसरा गिअर टाकला, थ्रॉटल सोडला आणि उताराला लावली, तेव्हा मास्तरने दोन्ही हातांनी मिस्त्रीच्या कमरेला मिठी मारली, लहान पोरासारखी. रस्ता समोरून खाली घसरत होता. मग इंजिनाचा आवाज घुमला, आणि कुणीतरी मागून कॉलर धरावी तशी गाडी आवरली गेली. मास्तरची छाती मिस्त्रीच्या पाठीवर दाबली गेली. ब्रेकला मिस्त्रीचं बोटही नव्हतं.

"कळलं?" मिस्त्री मान वळवून ओरडला. "हे असं धरतं. बाईंनी हे विचारलं होतं तुला."

मास्तरने मिस्त्रीच्या पाठीवर डोकं टेकवूनच मान हलवली. त्याचे दात वाजत होते. खाली बाई उभ्या होत्या. गाडी थांबली तरी त्याचे हात मिस्त्रीच्या कमरेवरून निघेनात, आणि ते बाईंनी पाहिलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, कुठे काही घसरल्यासारखं वाटलं का, ब्रेक किती लागला, आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी त्या डोंगरावर गेल्या आणि संध्याकाळी भरलेल्या बाटल्या घेऊन सुखरूप उतरल्या, हे मास्तरला दूधवाल्याकडून कळलं.

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. काही दिवस लोक मुद्दाम दुकानात डोकावायचे. "मास्तर, येता का एक चक्कर?" असं कुणी म्हटलं की मास्तर मान खाली घालून वायसर मोजत राहायचा. मालकाने त्याला काढलं नाही. "तुझा भागाकार बरोबरच असतो," तो म्हणाला, "पण यापुढे जिथे कळत नाही तिथे तोंड बंद ठेव. आणि उद्यापासून खोकी तूच उचलायची." मास्तरने खोकी उचलली. पहिल्या आठवड्यात त्याची पाठ खरोखरच धरली, आणि ते सांगायची सोय उरली नव्हती. मेव्हण्याने दिलेला पट्टा त्याने शर्टाच्या आतून बांधला.

बायकोने आपल्या आईला आणि बहिणीला स्वतः जाऊन सांगितलं, त्याला बरोबर नेलं नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. "हसल्या," ती म्हणाली. "आई म्हणाली, अगं, मग इतकं तेल गेलं कुठे?" आणि मग तिलाही हसू फुटलं, रडता रडता. त्याला हसता आलं नाही.

मास्तर गाडी शिकला नाही. मिस्त्रीने एकदा, राग ओसरल्यावर, म्हटलं की मैदानावर चल, मी शिकवतो. मास्तर गेलाही. गाडीवर बसला, क्लच दाबला, आणि हात तसेच थरथरले. "राहू दे," तो म्हणाला. मिस्त्रीनेही आग्रह केला नाही.

पण चेन घ्यायला कुणी आलं की तो पुन्हा त्या दोन चकत्या काचेवर ठेवू लागला. आता भाषण लहान झालं होतं, आणि विचारणं वाढलं होतं. ओझं जाताना असतं की येताना? उताराला कुठला गिअर ठेवता? मागे कोण बसतं? मग तो आकडे सांगायचा आणि म्हणायचा, "हा झाला हिशेब. मला स्वतःला चालवता येत नाही, तेव्हा बसवायच्या आधी शेडमध्ये विचारून घ्या." नवीन गिऱ्हाईक हे ऐकून चमकायचं. दर वेळी ते म्हणताना मास्तरला अवघडल्यासारखं व्हायचं. सवयीने ते कमी होईल असं त्याला वाटलं होतं. फारसं झालं नाही.

पाणीवाल्या बाईंना काही लागलं तर त्या शेडमध्येच थांबायच्या आणि मिस्त्री काउंटरवर येऊन वस्तू घेऊन जायचा. त्या बाहेर उभ्या आहेत हे मास्तरला पेटीतल्या बाटल्यांच्या आवाजावरून कळायचं, आणि तो काउंटरच्या आतल्या टोकाला सरकायचा. असं जवळजवळ वर्षभर चाललं. मग एक दिवस मिस्त्री कुठल्याशा कामाला गेलेला असताना त्या स्वतः दुकानात आल्या आणि मागच्या ब्रेकचे शूज मागितले. मास्तरने दोन डब्या काढून ठेवल्या.

"यातले कुठले जास्त टिकतील?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाला. "या दुसऱ्या डबीतले नवीन आलेत. अजून कुणी परत येऊन सांगितलेलं नाही."

बाईंनी दोन्ही डब्या उघडून बघितल्या, त्यातली जुन्या ओळखीची घेतली, आणि जाताना म्हणाल्या, "येते मास्तर."

मास्तरने नुसती मान हलवली. बाहेर गाडी सुरू झाली, बाटल्या वाजल्या. त्याने उरलेली डबी उचलली आणि फळीवर तिच्या जागी नीट लावून ठेवली.